अक्कलकुव्याच्या दवाखान्यात कोणाचे म्हणणे ऐकले जाते?



आपल्या पुष्कळ घरांतून आज एखादी मुलगी परिचारिका म्हणून नोकरी करीत आहे, अथवा त्या नोकरीचे शिक्षण घेत आहे. ज्या हातांचा स्पर्श एके काळी विटाळ मानला गेला, तेच हात आज नवजात बालकाला प्रथम उचलून घेतात. हा पालट लहान नाही, आणि त्याबद्दल आपल्याला वाटणारा अभिमान रास्त आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ही आपली मुलगी ज्या आरोग्यपथकात काम करते, त्यात तिच्या वरच्या पायरीवर कोण बसले आहे आणि ते तिला कसे वागवतात, हे आपण तिला प्रत्येक सुट्टीत विचारतो. तिच्या खालच्या पायरीवर कोण उभे आहे, आणि त्या माणसाचे म्हणणे ती ऐकून घेते काय, हे मात्र आपण विचारीत नाही.

हा प्रश्न नीट कळावा म्हणून अक्कलकुवा तालुका डोळ्यांपुढे घ्यावा. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, सातपुड्याच्या डोंगरांत हा तालुका आहे. उत्तरेस नर्मदा, पश्चिमेस गुजरात. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्यात होता. त्या दिवशी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख भरली आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. अक्कलकुवा तालुका तर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठची गावे बुडाली, आणि जे पाडे वर उरले त्यांतील काहींपर्यंत औषधे नेण्यासाठी बोटीतला दवाखाना चालवावा लागला. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचल्या आहेत. झोळी वाहून आणणाऱ्यांचे हाल सर्वांना दिसतात. पण झोळी दवाखान्याच्या दारात पोहोचल्यानंतर जे घडते, ते सहसा बातमीत येत नाही.

अशा मुलखातील आरोग्यपथक कोणाकोणाचे बनलेले असते? वैद्यकीय अधिकारी बहुधा दूरच्या जिल्ह्यातून आलेले. दुर्गम पाड्यांसाठी भरारी पथकाचे डॉक्टर, त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ. परिचारिका व आरोग्यसेविका कोणी खानदेशातील, कोणी विदर्भ-मराठवाड्यातील. त्यांत आपल्या समाजाच्या मुली आहेत, ख्रिस्ती आहेत, मराठा-कुणबी आहेत, आणि आता शिकून पुढे आलेल्या आदिवासी मुलीही आहेत. रुग्णवाहिकेचा चालक निराळ्या समाजाचा, सफाई कामगार निराळ्या. शेवटी पाड्यावरची आशाताई. तिची नेमणूक ज्या योजनेखाली होते ते राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, आणि आशा ही त्याच गावची रहिवासी असावी असा त्याचा दंडक आहे. म्हणून डोंगरातल्या पाड्यावरची आशाताई ही बहुधा भिल्ल किंवा पावरा स्त्री असते. तिला नियमित वेतनश्रेणी नाही. तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो.

कागदावर पाहिले तर हे चित्र आनंदाचे आहे. नाना जातींची, नाना धर्मांची माणसे एका छपराखाली एकाच कामाला लागली आहेत. बाबासाहेबांच्या संविधानाला हेच तर अभिप्रेत होते! परंतु माणसे शेजारी बसली म्हणजे त्यांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचलेच, असे होत नाही. या पथकातील ज्ञानाची वाटणी जरा उलटी आहे, हे ध्यानात घ्यावे. औषधाचे ज्ञान सर्वांत वरच्या पायरीवर, आणि रुग्णाच्या बोलीचे व घरातील परिस्थितीचे ज्ञान सर्वांत खालच्या पायरीवर. अक्कलकुव्याच्या परिसरात देहवाली, नोयरी, पावरी, मावची अशा बोली कानावर पडतात. सपाटीला अहिराणी आणि गुजराती चालते. शाळेत शिकवली जाते ती प्रमाण मराठी. ज्या डॉक्टरला रोग कळतो त्याला रुग्ण कळत नाही, आणि जिला रुग्ण कळतो तिला पथकात कोणी विचारीत नाही. त्यामुळे तेथे संवाद अडतो.

एक उदाहरण कल्पनेने उभे करू. पाड्यावरची एक गरोदर बाई आपल्या बोलीत आशाताईला सांगते की, काल संध्याकाळपासून डोके फार दुखते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आशाताई ते आपल्या मराठीत आरोग्यसेविकेला सांगते. आरोग्यसेविका घाईत आहे. तिने 'डोके दुखते' एवढेच ऐकले आणि तेवढेच डॉक्टरांना कळवले. गरोदरपणी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी ही दोन लक्षणे एकत्र आली म्हणजे रक्तदाब धोक्याच्या पातळीला गेल्याची शंका धरावी लागते आणि झटके येण्याआधी उपचार करावे लागतात. यांतले दुसरे लक्षण वाटेत गळले. बाई खरे बोलली, आशाताईने खरे सांगितले, डॉक्टर निष्णात होते. तरी अर्धी गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचलीच नाही.

असे गळणे किती होते, याची मोजदाद परदेशात झाली आहे. अमेरिकेत ग्लेन फ्लोरेस या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या तेरा भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. दुभाषाच्या चुका एका भेटीत सरासरी एकतीस निघाल्या, आणि त्यांपैकी ६३ टक्के चुका रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम करू शकणाऱ्या होत्या. जेथे ऐन वेळी सापडेल त्याला दुभाषा केले होते, तेथे हे प्रमाण आणखी वाढले. अशा ऐन वेळच्या दुभाषांत एक अकरा वर्षांचे भावंडही होते. ज्या देशात पैशाला तोटा नाही, तेथील ही स्थिती. आपल्याकडे तर दुभाषाचे पदच नाही. जो कोणी व्हरांड्यात उभा असेल त्याला हाक मारायची, ही रीत.

सिकलसेलचे पाहा. हा रक्ताचा आनुवंशिक विकार सातपुड्यातील भिल्ल-पावरांमध्ये आहे, आणि विदर्भातील आपल्या समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. याबाबतीत भिल्लाचे आणि आपले दुःख एकच! या विकाराच्या बाबतीत सर्व भार समजावून सांगण्यावर पडतो. आईकडून किंवा बापाकडून एकच सदोष जनुक आले तर माणूस केवळ वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. दोन्हीकडून आले तर तो रुग्ण होतो, त्याला असह्य वेदनांचे झटके येतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक. आता 'वाहक' हा शब्द देहवालीत कसा सांगायचा? तो नीट सांगितला नाही तर निरोगी मुलगी 'रोगी' ठरते आणि तिचे लग्न अडते. किंवा खरा रुग्ण स्वतःला नुसता वाहक समजतो आणि औषध सोडतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये २०४७ पर्यंत या विकाराच्या निर्मूलनाचे अभियान सुरू केले आहे. रक्ताच्या तपासण्या यंत्राने होतील. अहवालाचा अर्थ मात्र कोणा आशाताईलाच, चुलीपाशी बसून, आपल्या बोलीत सांगावा लागेल. तिला तो अर्थ कोणी, किती आदराने आणि किती वेळ देऊन समजावला, यावर बाकी सारे अवलंबून आहे.

येथे आदराचा प्रश्न येतो. या भागातील आदिवासी बोलींत वडीलधाऱ्यालाही सहज 'तू' म्हणण्याची रीत आढळते. त्यात अनादर नसतो. पण बाहेरून आलेल्या डॉक्टरला किंवा सिस्टरला रुग्णाने 'तू' म्हटले की राग येतो. 'या लोकांना बोलण्याची पद्धत नाही' असा शेरा मारला जातो. उलट तीच सिस्टर वयाने मोठ्या आशाताईला मराठीत 'तू' म्हणते, तेव्हा त्यात अनादर असतो, आणि तो आशाताईला बरोबर कळतो, कारण मराठीतला 'तू' आणि 'तुम्ही' यांतील फरक शिकण्याइतकी मराठी तिला शाळेने शिकवलेली आहे. वाचकहो, हा एका अक्षराचा अपमान काय असतो हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे? आपल्या आजोबांना गावात 'अहो' म्हणून कोणी हाक मारली होती? ज्या मुलीच्या आजोबांना ते मिळाले नाही, तिने आशाताईच्या अडखळत्या मराठीला हसावे, हे आम्हांला सहन होत नाही.

बाबासाहेबांनी जातिसंस्थेचे जे वर्म सांगितले ते श्रेणीबद्ध विषमतेचे होते: एकावर एक पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणी आहे एवढ्याचेच समाधान. दवाखान्यातही अशीच एक उतरंड आपोआप उभी राहते. विशेषज्ञ साध्या पदवीधराला कमी लेखतो, तो आयुर्वेदाच्या पदवीधराला, कायम नोकरीतला कंत्राटीला, परिचारिका आरोग्यसेविकेला, आणि ती आशाताईला. सफाई कामगाराला तर कोणी मोजतच नाही, मग रात्री कोणत्या रुग्णाने पाणी मागितले आणि कोण पलंगावरून पडले हे त्याने सर्वांआधी पाहिलेले असो. हुद्द्याच्या या उतरंडीला जातीची जोड मिळाली म्हणजे काय होते? २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. त्या जळगाव जिल्ह्यातील, तडवी भिल्ल समाजाच्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, असा त्यांच्या कुटुंबाचा आरोप आहे, आणि त्याचा निवाडा न्यायालयाचा आहे. आम्ही तो येथे करीत नाही. परंतु घरच्यांनी तक्रारीचे दार ठोठावले होते असे त्यांचे म्हणणे आहे, आणि तेवढेही विचार करायला पुरेसे आहे. खालून वर जाणारा शब्द कोणत्या पायरीवर अडला? डॉक्टरची पदवी मिळवूनही ज्या भिल्ल मुलीचा शब्द वर पोहोचला नाही असे तिच्या आईला वाटते, तेथे पाड्यावरच्या आशाताईची काय कथा!

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, वाणी शुद्ध असलेले दोन भाऊ भिक्षू झाले. त्यांनी भगवंतांकडे गाऱ्हाणे आणले की, संघात नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे भिक्षू आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत सांगून बुद्धवचन बिघडवीत आहेत; तरी ते छंदस्‌मध्ये, वैदिकांच्या भाषेत, बांधून टाकावे. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि धम्म स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वतःची बोली' म्हणजे भिक्षूची की बुद्धाची, यावर पुढे टीकाकारांत आणि पंडितांत मतभेद झाले आहेत. आम्हांला त्या वादात शिरायचे नाही. संघ जसजसा नाना जातींचा झाला, तसतशी भाषेची तक्रार उभी राहिली, आणि ती तक्रार खालच्यांनी नव्हे, वरच्यांनी केली, एवढे मात्र त्या कथेत स्वच्छ दिसते. 'यांची भाषा शुद्ध नाही' हे वाक्य तेव्हापासून आजतागायत त्याच बाजूने येत आहे.

ज्यांनी हा पेच सोडवला, असे लोक आपल्याच महाराष्ट्रात आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, त्यांत कित्येक दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावाचा विरोध झाला. पण बाळंतपण यशस्वी होऊ लागले तसा तो विरला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तर असे मिळाले की, तुमचे डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्याला पांढऱ्या कापडात गुंडाळतो, तेव्हा अशा लोकांच्या हाती जीव वाचेल कसा? कोणत्या वैद्यकीय ग्रंथात ही माहिती सापडली असती? त्या उत्तरांवरून दवाखान्याची बांधणी बदलली. नातेवाइकांना रुग्णापाशी राहता येईल अशा झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे तेथील ३९ गावांत, थोडे शिक्षण झालेल्या गावकरी स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची शुश्रूषा केली. त्याचे फळ १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. या स्त्रियांना सुई-औषध शिकवले गेले, हे तर खरेच. परंतु त्यांनी टिपलेली लक्षणे डॉक्टरांनी खरी मानली, हेही तितकेच महत्त्वाचे. आशाताई आज नवजात बालकासाठी ज्या गृहभेटी देते, त्यांचे मूळ या कामात आहे.

आणखी एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीने तेथील रुग्णालयांतील परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास केला. तिची अपेक्षा होती की, ज्या पथकात सलोखा व नेतृत्व चांगले, तेथे औषध देण्यातील चुका कमी नोंदल्या जातील. १९९६ साली तिने मांडलेले फळ उलटे निघाले: चांगल्या पथकांत चुकांची नोंद अधिक होती. तिने लावलेला अर्थ असा की, तेथे चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या उघड सांगण्याची भीती नव्हती. तेव्हा ज्या केंद्राच्या मासिक सभेत आशाताया एका रांगेत गप्प बसतात आणि 'सर्व ठीक आहे' असा अहवाल वर जातो, त्या केंद्राची आम्हांला अधिक काळजी वाटते.

आता जे लिहायचे आहे ते आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. ९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवली. त्यांत शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्याबरोबर परिचारिका आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी हीही पदे होती. आपल्या समाजात त्यावर कुजबुज झाली. 'आमच्या शिकलेल्या मुलींनी जायचे कुठे?' असे म्हणणाऱ्या बापाचे दुःख आम्ही जाणतो. ज्या घरात ही पहिलीच पगाराची नोकरी असते, त्या घराला एक जागा गमावणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पुढे आंध्र प्रदेशातील शिक्षकांच्या अशाच आदेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी निर्णय दिला की, शंभर टक्के आरक्षण संविधानाला धरून नाही. तेव्हा प्रमाण किती असावे हा कायद्याचा प्रश्न आहे. पण तत्त्वाचा प्रश्न आपल्याला चुकवता येणार नाही. आमच्या वस्तीत आमचा माणूस शिक्षक म्हणून, अधिकारी म्हणून यावा, तो आमचे दुःख सांगितल्याशिवाय ओळखील, असे आपण म्हणत आलो. त्याच युक्तिवादावर आपल्या सवलती उभ्या आहेत. तो युक्तिवाद देहवाली बोलणाऱ्या मुलीच्या बाबतीत खोटा कसा ठरेल? अक्कलकुव्याच्या डोंगरात तिचा अधिकार आपल्या मुलीच्या आधीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरी पण जन्म हीच एक पात्रता, असेही आम्ही म्हणणार नाही. आपण तर जन्माच्या पात्रतेविरुद्धच उभे राहिलो. भाषा शिकता येते. इंग्रज सनदी अधिकारी साता समुद्रांपलीकडून आला, तरी त्याला येथील भाषेची परीक्षा द्यावी लागे. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीतील भिल्ली भाषांवरचा भाग १९०७ साली छापून निघाला. त्याआधी १८९५ मध्ये थॉम्पसन नावाच्या मिशनऱ्याने भिल्लीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. परक्यांनी एवढे केले, आणि धुळ्या-जळगावहून बदलून आलेल्या आपल्या माणसाला तीन वर्षांत शंभर शब्द येऊ नयेत? डोंगरी केंद्रावर नेमणूक झालेल्या प्रत्येकाला, मग तो डॉक्टर असो की सिस्टर, तेथील बोलीची साधी तोंडी परीक्षा असावी, ती घेण्याचे काम आशातायांकडे असावे, आणि त्या कामाचा त्यांना मोबदला मिळावा, अशी आमची सूचना आहे. परीक्षा घेणारी बाई सभेत मागच्या रांगेत बसत नाही.

हुकूम निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरातील मुलगी अशा ठिकाणी नोकरीला आहे, त्यांनी तिला पुढच्या पत्रात, हल्ली पत्रे कोण लिहितो, पुढच्या फोनवर म्हणा, एवढे विचारावे: तुझ्या उपकेंद्राच्या आशाताईचे पूर्ण नाव काय? ती तुला काय म्हणून हाक मारते, आणि तू तिला? रुग्णाला औषध समजावल्यावर, 'आता तुम्ही घरी काय करणार ते मला सांगा', असे त्याच्याच तोंडून वदवून घेतेस काय? आशाताईचा निरोप डॉक्टरांना देताना तिला शेजारी उभी करतेस, की तिच्या वतीने स्वतःच बोलून मोकळी होतेस? पहिले वर्ष शिकणाऱ्या मुलींच्या पालकांनी एक कोरी वही घेऊन द्यावी. दुखणे, ताप, चक्कर, अंगावरून जाणे, दूध न ओढणे, काल, परवा, उपाशीपोटी, असे शब्द एका बाजूला मराठीत लिहावेत. दुसरी बाजू कोरी ठेवावी. नेमणूक मोलगीला होवो की धडगावला, ती बाजू तेथल्या बायकांना विचारून भरायची आहे.